मागच्या दाराची कडी

१

किशोरीने गॅसचा रेग्युलेटर बंद केला, मागच्या दाराची कडी आतून घातली, बाहेर ओट्यावर येऊन पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि पायऱ्या उतरली. मागे वळून बघितलं नाही.

कुठल्याही बाईने घर बंद करताना करावं तेवढंच तिने केलं होतं. पण समोर अंगणात, खळ्यात टेम्पोजवळ उभी असलेली माणसं दशावताराचा खेळ बघावा तशी बघत होती. नवरा दीपेश श्वास रोखून होता. सासू रुक्मिणी कोंबड्यांच्या डालग्यावर हात ठेवून देवाचं नाव घेत होती. शेजारच्या बाबलीला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, पण किल्ली किशोरीच्या पिशवीत पडेपर्यंत तोही गप्प होता. मग मात्र त्याला राहवलं नाही.

"काय वयनी, यंदा कुलपाक सुट्टी?"

सगळे हसले. किशोरीही हसली, कारण ती हसायची वेळ होती.

खाजणे गावाची गावपळण होती. भात घरात आलं की दर काही वर्षांनी देवाला कौल लावायचा, आणि देवाने हो म्हटलं की अख्ख्या गावाने गाव सोडायचं. माणसं, म्हशी, कुत्री, कोंबड्या, अंथरुणावरचे म्हातारेसुद्धा. शिवेपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या झोपड्या घालायच्या, तीन रात्री तिथे काढायच्या आणि पुन्हा कौल मिळाला की परत यायचं. तोवर गावात चिटपाखरू राहता कामा नये. का, ते कुणी विचारत नाही. सुट्टी काढून आलेले चाकरमानी विचारतात, तेव्हा कुणी हवा शुद्ध होते म्हणतं, कुणी एकोपा वाढतो म्हणतं, आणि म्हातारी माणसं सुपारी कातरत विषय बदलतात.

टेम्पोत पुढच्या सीटवर सहा वर्षांची दिव्या मांडीवर मांजर घेऊन बसली होती. आई शेजारी येऊन बसली तशी तिने विचारलं, "झाला तुझा?"

"झाला."

"येकदाच बघलंस?"

"येकदाच."

दिव्या काचेतून घराकडे बघत राहिली. टेम्पो कुंपणाच्या बेड्यातून बाहेर पडल्यावर ती मांजराला म्हणाली, "मगे आता कोण बघतला?"

२

किशोरीचं दुखणं वाडीत कुणापासून लपलेलं नव्हतं. लपणार कसं? त्याला आवाज होता.

मागच्या दाराची कडी ती घालायची, अंगठ्याने दाबायची, दार हलवून बघायची, मग कडी काढून पुन्हा घालायची. खट्. थोडा वेळ शांतता. परत खट्. तोंडाने पुटपुटणं चालू: "लागली… लागली ना… लागली." मग गॅस. मग खिडक्या. मग परत कडी, कारण खिडक्या बघताना कडीचं लक्षात राहिलं नसायचं. अंगठ्याला घट्टा पडला होता. दिव्या झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरायचं, श्वास लागतो का बघायचं, आणि अंथरुणावर पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा उठायचं.

तिला माहीत होतं की कडी लागली आहे. डोळ्यांना दिसत होतं, हाताला कळत होतं. छातीला पटत नव्हतं, एवढंच.

वाडीने त्याची चेष्टा केली, मग सवय करून घेतली. बाबली तर म्हणायचा की किशोरीवयनीची कडी वाजली की घड्याळ लावावं. रुक्मिणीने देवळात गाऱ्हाणं घातलं, अंगारा आणला, मसुऱ्याच्या जत्रेत भराडीदेवीला नवस बोलली. दीपेश कणकवलीला एका पतपेढीत कामाला होता. दमून घरी आला की बायको दारापाशीच सापडायची. तो आधी समजावायचा, मग ओरडायचा, मग जेवून झोपायचा.

एका दुपारी ती दिव्याला शाळेतून आणायला निघाली आणि गॅससाठी अर्ध्या वाटेवरून परत फिरली. पुन्हा निघाली, पुन्हा परतली. शाळा सुटली, बाई गेल्या, शिपाई गेला. काळोख पडताना व्हाळाच्या ओढ्यावर घातलेल्या साकवावर, त्या अरुंद पुलावर, पाय सोडून बसलेली दिव्या बाबलीला दिसली. खाली भरतीचं पाणी होतं. त्याच आठवड्यात दीपेश मुलीला घेऊन कणकवलीला बहिणीकडे राहायला गेला. भांडण झालं नाही. किशोरीने मुलीचे कपडे स्वतः भरून दिले, फक्त पिशवीची चेन पुन्हा पुन्हा बघितली.

त्यानंतर ती डॉक्टरकडे गेली. कणकवलीच्या डॉक्टरबाई मोठ्या शांत बोलायच्या.

"विचार येतो की गॅस राहिला. त्यासरशी धडधड सुरू होते. तुम्ही उठून तपासता, धडधड थांबते. मनाला वाटतं, तपासलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी जोरात ओरडतं. म्हणजे तपासण्याने भीती मरत नाही, पोसली जाते."

"मग करायचं काय?"

"काहीच करायचं नाही. बसून राहायचं. तुम्ही खाडीकाठच्या ना? भरती चढते, तिला कुणी ढकलून परत पाठवतं का? आपली आपण ओसरते."

गोळ्या होत्या आणि हा असा अभ्यास होता. किशोरीने तो मन लावून केला, हे तिच्या शत्रूनेही मान्य करावं. एकदाच कुलूप लावून ती साकवावर जाऊन बसायची. घामाने भिजायची, ओठ चावायची, पण उठायची नाही. हळूहळू पाणी उतरायला लागलं. अंगठ्याचा घट्टा गळून पडला. आणि एक दिवस घर बंद करून ती साकवावर जाऊन बसली, तर भीती आलीच नाही. ती बराच वेळ वाट बघत बसली होती.

भीतीबरोबर आणखीही बरंच काही ओसरलं होतं. जेवणाची चव, भजनातली गोडी. शनिवारी दीपेश दिव्याला घेऊन यायचा, तेव्हा मुलगी धावत येऊन कमरेला मिठी मारायची. किशोरी तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि आत काही हलतंय का याची वाट बघायची. हे डॉक्टरबाईंना सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पण त्यांनी गोळी बदलली आणि कडी पुन्हा सुरू झाली तर? ती बोलली नाही.

पळणीच्या आधी दीपेशने स्पष्ट सांगितलं होतं. "हे दिवस नीट गेले, घराकडे येकदाय फिरलंस नाय, तर दिव्याक हय परत आणूया. नायतर चेडू ताईकडेच रवात. कायमचा."

"नाय फिरनंय," किशोरी म्हणाली होती. तिला मुलगी हवी होती. ते हवंपण जाणवत नव्हतं, पण हिशेबासारखं पक्कं ठाऊक होतं.

३

माळावरून गाव खाली दिसायचा. माडांचे शेंडे, कौलं, देवळाचा कळस आणि सगळ्यात शेवटी, खाडीच्या अगदी काठावर, किशोरीचं घर. कुठून धूर नाही, कुठे कोंबडा नाही. गावाला एरवी केवढा आवाज असतो, हे गाव सोडल्यावरच कळतं.

माळावर मात्र धमाल होती. तीन दगडांच्या चुली, पत्त्यांचे डाव, पोरांचा दंगा. एरवी बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका पातेल्यातली आमटी वाढून घेत होते. पहिल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले, किशोरीही झोपली. गोळ्यांनी तिला झोप छान लागायची.

दिवस कलताना बाबली होडी लावून वर आला. खाडी ही गावाची शीव, तिथे जाळं टाकायला बंदी नव्हती. हातातले मासे रुक्मिणीपुढे ठेवत तो किशोरीला म्हणाला, "वयनी, दुपारी घराकडे गेललंस मा?"

"नाय."

"अगो, माका कित्याक फसवतंस? मी खाडीत होतंय. तुझी मागच्या दाराची कडी वाजा होती. खट्, मगे दार हालवलंस, मगे परत खट्. तुझी पद्धत आमका म्हायत नाय काय?"

तो हसत होता. त्याच्या मागे दीपेश लाकडांची मोळी घेऊन उभा होता, तो हसत नव्हता.

"खंय होतंस दुपारी?" त्याने विचारलं.

"हयच. झोपडीत झोपललंय."

"कोणी बघलां तुका?"

कोण बघणार? सगळा माळ घोरत होता. दीपेशने मोळी खाली ठेवली आणि तो चुलीकडे निघून गेला.

किशोरी झोपडीत येऊन बसली. आपण गेलो नव्हतो ना? तिने चपला उलट्या करून बघितल्या. तळ कोरडे होते. व्हाळाकडची वाट ओली, चिखलाची. म्हणजे गेलो नव्हतो. आता पुन्हा एकदा चपला बघाव्यात असं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

मग तिच्या ध्यानात आलं ते वेगळंच. मागच्या दाराची कडी आतल्या बाजूला आहे. बाहेरून ती कुणालाच वाजवता येत नाही. आणि पुढच्या कुलपाची किल्ली इथे, पिशवीत, तिच्या मांडीजवळ होती.

वारा असेल. वाऱ्याने दार हलतं आणि दार हललं की कडी वाजते. बाबली तरी काय, राईचा पर्वत करणारा माणूस. तिने पिशवी उशाला घेतली आणि चुलीवर तांदूळ वैरायला उठली.

४

दुसऱ्या दिवशी ती दीपेशच्या नजरेआड झाली नाही. त्याच्या शेजारी बसून भाजी चिरली, मासे साफ केले, तो पत्ते खेळायला गेला तर त्याच्यामागे बसून राहिली. बाया हसल्या. "काय गो, नयां लगीन झाला काय?" दीपेशही थोडा सैलावला. त्याने न मागता तिला पाणी आणून दिलं.

ओहोटीला रुक्मिणी चार बायांबरोबर तिसऱ्यांचे शिंपले काढायला खाडीत उतरली होती. शिंपल्यांनी भरलेली टोपली घेऊन यायची ती बाई, रिकामी टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी परत आली. किशोरीला बघून वाटेतच थांबली.

"दीपेश, ह्यां कधीपासून हय बसलाहा?"

"सकाळपासून. कित्या?"

"काय नाय," रुक्मिणी म्हणाली आणि टोपली तिथेच टाकून झोपडीमागे गेली.

किशोरी थोड्या वेळाने तिच्यामागे गेली. म्हातारी पाय पसरून बसली होती. पाय चिखलाने भरलेले होते, ते धुवायचं तिला सुचलं नव्हतं.

"तुम्ही पण आयकलात?" किशोरीने विचारलं.

"माका खंय आता आयकाक येता?" रुक्मिणी नजर चुकवत म्हणाली. मग तिने सुनेचा हात धरला. "किशोरी, खरां सांग. घराकडे रातची तू उठतंस मा? इतके म्हयने?"

"मी झोपलेली असतंय. गोळयेन माका जाग येना नाय."

"मगे कडी कोण वाजवता?" म्हातारीचा आवाज खाली गेला होता. "मी रोज आयकतंय. तुका परत सुरू झाला म्हणान समाजलंय. दीपेशाक कळला तर तो चेडवाक आणूचो नाय, म्हणान मी तोंडातसून शब्द काढूक नाय. मिया पांघरून घेवन गप रवत होतंय."

रुक्मिणीचा हात थरथरत होता. किशोरीचा हात त्या हातात होता आणि तो अगदी स्थिर होता. घाबरायला हवं, हे किशोरीला कळत होतं. रस्त्यावर कुणाचा तरी अपघात झालेला दिसावा आणि आपली एस्टी न थांबता पुढे जावी, तसं काहीतरी तिच्या समोरून गेलं.

संध्याकाळी ती दिव्याला पेज भरवत होती. मुलीने तोंड फिरवलं.

"माका आईकडे जावचा आसा."

"मगे मी कोण?"

"तू नाय. ती दुसरी. नाकाकडे बोट धरता ती." दिव्याने खाली गावाकडे हात केला. "शनिवारी मी इलंय काय ती येता. तू घोरत आसतंस. तिका झोपच नाय."

"तोंड बघलंस तिचा?"

"तुझाच," दिव्या म्हणाली. "पण ती माझ्यासाठी रडता. तू रडना नाय."

किशोरीने चमचा ताटलीत ठेवला. हे ऐकून काळजात कळ यायला हवी होती. तिने वाट बघितली. खाली खाडीत ओहोटी संपून पाणी परत चढत होतं, आणि तिला प्रथमच वाटलं की डॉक्टरबाईंना एक विचारायचं राहून गेलं. ओसरलेलं पाणी नाहीसं होत नाही, ते कुठेतरी असतंच. माझं ते कुठे आहे?

५

तिसऱ्या दुपारी कौलाचा मान असलेला गावकर भिकाजी झोपड्या-झोपड्यांतून सांगत फिरला की सकाळी कौल घ्यायचा, आवराआवर करून ठेवा. दीपेश किशोरीजवळ येऊन बसला.

"रुसलंस माझ्यार?" त्याने विचारलं.

"नाय."

"बाबलीच्या बोलण्यार गेलंय मी, चुकलाच. सोमवारी दिव्याचा दप्तर, कपडे, सगळा घेवन येतंय. हयच्या शाळेत सांगान ठेवलंय." तो थांबला. "येकदा तरी हस गो."

ती हसली. तिला मिळायचं ते मिळालं होतं. दीपेश आनंदाने उठून गेला आणि ती भांडी घासायला बसली.

भांडी पालथी घालून झाली, तेव्हा दिव्या कुठे दिसेना. पोरांच्यात नव्हती, झोपडीत नव्हती. कुणीतरी म्हणालं, व्हाळाकडे जाताना बघितली. त्यासरशी बाया किंचाळल्या, बापये खाडीकडे धावले. भरती लागली होती. दीपेश चपला टाकून उतारावरून पळत होता आणि मुलीला हाका मारत होता. त्याचा आवाज फाटला होता.

किशोरी जागची हलली नाही. मुलगी पाण्याकडे गेलेली नाही, हे तिला माहीत होतं. ती आईकडे गेली होती.

तिने दोन्ही बाजूंनी विचार केला, बाजारात दोन जिन्नसांचा करावा तसा. घराकडे गेलो तर शब्द मोडतो, दिव्या कायमची जाते. न जावं, तर दिव्या तिथेच राहते, त्या घरात, तिच्याबरोबर. दीपेशला सांगावं, तर काय सांगावं?

पिशवी घेऊन ती साकवावरून पलीकडे गेली.

गावात उन्ह टळटळीत होतं. रस्त्याला पाऊल वाजत होतं, ते तिचंच होतं, तरी तिने एकदा थांबून खात्री केली. अंगणांतली रांगोळी कोंबड्या नसल्यामुळे जशीच्या तशी होती. कुठल्यातरी टाकीतून पाणी ठिबकत होतं. बंद घरांमधून एक बारीक गुणगुण येत होती. मग तिला कळलं, फ्रीज चालू आहेत. माणसं नसलेल्या घरांत दूध थंड राहत होतं. देवळावरून पुढे गेल्यावर वाट खाली उतरते. तिथे तिला पहिला आवाज आला.

खट्.

थोडा वेळ शांतता.

खट्.

६

कुलूप होतं तसंच होतं. किशोरीने ओट्यावर उभं राहून कान दिला. आत फ्रीजची गुणगुण. त्याखाली पावलं. अनवाणी पावलं फरशीवरून चालताना घामाने जरा चिकटतात, तशी. स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून परत. आणि पुटपुटणं, दमलेलं, रडवेलं: "लागली… लागली ना… लागली."

"दिव्या," किशोरीने हलकेच हाक मारली.

पावलं थांबली. मुलीचा आवाज आला नाही. मग पावलं पुन्हा सुरू झाली, झोपायच्या खोलीकडे.

किशोरी घराला वळसा घालून खोलीच्या खिडकीशी गेली. झडप नीट बसत नव्हती, बोटभर फट राहायची. त्या फटीला तिने डोळा लावला.

आत अर्धवट काळोख. दिव्याची गादी तिने स्वतः गुंडाळून कपाटावर ठेवली होती, ती जमिनीवर अंथरलेली होती. चादर नीट ओढलेली, उशी मध्ये ठेवलेली. गादी रिकामी होती. दिव्या तिथे नव्हती.

उशीवर एक हात होता. कोपरापर्यंतच दिसत होता, बाकीचं झडपेआड. हिरव्या बांगड्या. अंगठ्याला जाड, पिवळा घट्टा. किशोरीने आपला अंगठा चाचपला. तो मऊ होता.

त्या हाताचं बोट उशीपासून थोडं वर, मुलीचं नाक जिथे असतं तिथे, अधांतरी धरलेलं होतं. श्वासाची वाट बघत होतं. श्वास लागला नाही, तसा हात मागे गेला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. बांगड्या किणकिणत होत्या, कारण तो हात रडण्याने हलत होता. पोटच्या पोरीसाठी बाई जशी रडते तसं ते रडणं होतं. किशोरीला ते ओळखू आलं. ते तिचंच होतं, आणि कित्येक महिन्यांत तिच्याकडे नव्हतं.

तेवढ्यात दूर वाटेवरून मुलीचा आवाज आला. "आई!"

हात उशीवरून उचलला गेला. झडपेच्या फटीवरून काहीतरी झपाट्याने सरकलं, आणि पावलं पुढच्या दाराकडे धावत सुटली.

७

किशोरीही धावली. ओट्यावर पोचली तेव्हा दीपेश बेड्यातून आत येत होता. दिव्या त्याच्या खांद्यावर होती.

"बाबलीच्या झोपडीत गोधडीखाली झोपललां चेडू," तो म्हणाला. धाप लागल्यामुळे शब्द तुटत होते. "आमी खाडीत उडये मारतो. आणि तू? तू हय! चेडू नाहीसा झाला आणि तू कुलूप बघूक इलंस!"

किशोरीला बोलायचं होतं, पण दिव्याने हात पुढे केले होते. ते हात तिच्याकडे नव्हते. तिला ओलांडून, तिच्या मागच्या दाराकडे होते.

"बाबा, सोड माका. आई बोलवता."

दारापलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. लाकूड किंचित करकरलं, अंगाचा भार टेकल्यावर करकरतं तसं.

आणि किशोरीच्या छातीत एक ठोका पडला. मग दुसरा. मग सगळे एकदम, इतक्या महिन्यांचे साठलेले. माझी पोर, तिला वाटलं, माझी पोर. तिने वळून दोन्ही हातांनी कुलूप धरलं आणि खाली ओढलं.

"लागली," ती म्हणाली.

दाराची करकर थांबली. भार मागे सरला.

तिने हात सोडले. लगेच पाऊल वाजलं आणि दार कुलपावर ताणलं गेलं. तिने परत ओढलं. "लागली… लागली ना…" आत शांत झालं.

दीपेश बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला होता आणि तिथे नुसता थकवा राहिला होता. "किशोरी," तो म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात, "किल्ली दी माका. दार उघड, चेडवाक दाखव आत काय नाय ता. आपण परत माळार जावया. मी कोणाक सांगूचय नाय. झाला ता झाला."

तो खरं बोलत होता. अजून सगळं सावरण्यासारखं होतं. किल्ली फिरवायची, एवढंच काम.

"नाय," किशोरी म्हणाली. ती रडत होती. "उघडूचा नाय. तू तिका घेवन जा. ताईकडे जा. आताच्या आता जा. उद्या सकाळची वाट बघू नको."

"परत आणूचय नाय मी तिका. कळता तुका?"

"कळता. आणू नको. हय कधीच आणू नको."

आतून उंबऱ्याशी काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला. दीपेशने तो ऐकला की नाही, हे तिला कळलं नाही. पण ओट्याच्या पायरीवर ठेवलेलं पाऊल त्याने मागे घेतलं. दिव्याला घट्ट धरून तो वळला. मुलगी त्याच्या खांद्यावरून ओरडत होती, "आई! आई गो!" आणि बघत होती ती दाराकडेच. किशोरीकडे तिने एकदाही बघितलं नाही. वळणावर ती दोघं दिसेनाशी झाली, आवाज मात्र साकवापर्यंत येत राहिला.

किशोरीला त्यांच्यामागे धावायचं होतं. मुलीला उराशी धरावं, तिला सांगावं की तुझ्यासाठी रडणारी ही बघ, ही इथे आहे. तिचा जीव तुटत होता. इतकी भीती, इतकी माया, तिला वाटलं आपण याखाली मरू. तिने एक हात सोडून बघितला. दार लगेच पुढे आलं.

माळावर टेम्पो सुरू झाला. कणकवलीच्या रस्त्याला लागल्याचा आवाज झाला आणि पुसट होत गेला. उद्या देव कौल देईल, गाव ढोल वाजवत परत येईल आणि ती इथे या ओट्यावर उभी सापडेल. बाबली हसणार नाही, बाया तोंडाला पदर लावतील. बिचारीचं परत सुरू झालं म्हणतील.

म्हणू देत. तिने कुलूप ओढून बघितलं. लागलेलं होतं. तिने पुन्हा ओढलं.